हिल्डाला चालत नाही

...आणि मेणबत्तीसुद्धा नको, म्हणाला. मेणबत्ती! आता तुम्हीच सांगा, ख्रिस्ती माणसाच्या घरात आल्तारापुढे मेणबत्ती नको तर काय टॉर्च लावून ठेवायचा? तर हो, म्हणाला, तशी मिळते मम्मी, बॅटरीवरची, ज्योतही हलते तिची. आणली पण. माझा मुलगा ग्लेन, इंजिनिअर आहे, जे नको ते काढतो आणि त्याच्या जागी बॅटरीवरचं आणून ठेवतो. मी संध्याकाळी रोजरीला बसले की ती ज्योत अशी हलायची, वारा असो नसो, एकाच तालात, जसं काही कुणी हो, हो, हो, हो म्हणून मान डोलवतंय... आणि खाली बटण. देवापुढची ज्योत बंद करायला बटण! पण काय करणार, धुराने हिल्डाला त्रास होतो. हिल्डाला चालत नाही. मी म्हटलं, बरं.

थांबा, हिल्डा कोण ते आधी सांगते. हिल्डा माझी नात. तशी हिल्डा माझी सासूही होती, तिचंच नाव पोरीला ठेवलं, आणि सासूलाही पुष्कळ काही चालत नसे, पण तिला ते डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं, ती स्वतःच ठरवायची. ही हिल्डा पहिलीत आहे. ग्लेन, माझी सून मर्सी आणि ही पोरगी, तिघं बोळिंजला राहतात, ते उंच उंच टॉवर झालेत ना, त्यातल्या एकात, खूप वर. घेताना बिल्डरने सांगितलं होतं, खिडकीतून समुद्र दिसेल. दिसला थोडे दिवस. मग त्याच बिल्डरने समोर दुसरा टॉवर उभा केला, आता खिडकीतून दुसऱ्यांची खिडकी दिसते. आणि आम्ही दोघं इकडे वसईजवळ निर्मळला, मी आल्बिना आणि माझा नवरा कॉन्रॅड. नवऱ्याला मी नावानेच हाक मारते, हसू नका, एकाच वर्गात होतो आम्ही, तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हाही काही बोलत नसे.

आमची वाडी म्हणजे काही फार मोठी नाही बरं का. सासऱ्यांची होती मोठी, ती भावाभावांत वाटली गेली, बाकीच्यांच्या वाट्यावर बंगले आले, आमच्या वाट्याला घर आणि घराभोवतीची जागा. त्या जागेत केळी, मोगरा, अळू, मागे विहीर, आणि अंगणाच्या कडेने कॉन्रॅडचा सोनचाफा. कारखाना बंद पडला तेव्हा कॉन्रॅड घरी बसला होता, पोरगा शाळेत, आणि त्याने कुठून कुठून कलमं आणून ती रांग लावली. उजाडायच्या आत आकडी घेऊन फुलं उतरवायची, केळीच्या पानात बांधायची आणि दादरच्या फूलबाजाराला धाडायची, पाऊस असो, थंडी असो, अंगात ताप असो. त्या फुलांवर ग्लेन इंजिनिअर झाला. मी हे कधी बोलून दाखवत नाही, आताच बोलले काय ते. आणि वास म्हणाल तर... रस्त्याने जाणारा माणूस सायकलवरून उतरून विचारायचा, कुठे हो चाफा?

तर दर शनिवारी हिल्डा यायची. आली की चपला एकीकडे, बॅग एकीकडे आणि ही आजोबांच्या मागे, आणि टोनी तिच्या मागे. टोनी म्हणजे आमचा कुत्रा. चाफ्याखाली पडलेली फुलं वेचायची, कोंबड्या पकडायला धावायची, एकही कधी हाताला लागली नाही, आणि संध्याकाळी पाय धुवायला नेली की बादलीतल्या पाण्याचा चहा व्हायचा. शिंकायची, हो, शिंकायची. सकाळी उठली की एकामागून एक, नाक लाल. आम्ही म्हणायचो सर्दी आहे, एसीत झोपतात, होणारच. पण मग नाताळनंतरच्या एका रविवारी, आमच्याकडेच असताना, तिला श्वास लागला. आधी खोकला, मग छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर, आणि मग बोलायला गेली तर शब्दच पुरा होईना. ग्लेनने गाडी काढेपर्यंत ओठ निळे पडले पोरीचे. कॉन्रॅडच्या मांडीवर होती, त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरून. दवाखान्यात वाफ लावली, हळूहळू खुलली, आइस्क्रीम मागायला लागली. पण ते निळे ओठ काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. तेव्हा तुम्हाला सांगते, मी अॅलर्जीला हसत नाही. लोकांना वाटतं, ही म्हातारी हसते. मी कशाला हसेन? पोरीसाठी मी देवापुढची मेणबत्ती दिली, आणखी काय द्यायचं माणसाने?

मग मोठा डॉक्टर. अॅलर्जीचाच स्पेशालिस्ट, हायवेकडे, दवाखान्यात एसी असा की धडधाकट माणसाला तिथेच सर्दी व्हावी. त्याने पोरीच्या हातावर पेनने खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एकेक थेंब, थेंबात बारीक सुई, आणि म्हणाला, बसा, जिथे गांध उठेल ते हिला चालत नाही. हिल्डा हात असा समोर धरून बसली, मेहंदी काढल्यासारखी, आणि नर्सला विचारते, ह्यातला टोनी कुठला? ती नर्स हसली, तिने दाखवला, हा बघ कुत्र्याचा. पोरीने त्या फुगलेल्या ठिपक्याचा पापा घेतला.

डॉक्टर काही हसला नाही. कॉम्प्युटरकडे बघत बोलायला लागला, डस्ट पॉझिटिव्ह, डॉग पॉझिटिव्ह, मोल्ड पॉझिटिव्ह, पोलन थोडंसं, ट्रिगर्स कमी करा, धूळ नको, धूर नको, पाळीव प्राणी नकोत, स्ट्राँग वास नकोत. मोल्ड म्हणजे बुरशी हे मला पुष्कळ नंतर कळलं, तेव्हा मला वाटलं साचा, कॉन्रॅडच्या कारखान्यात असायचे तसे. आणि त्या शब्दापाशी थांबायला वेळ होता कुणाला? धूळ, धूर, कुत्रा, वास म्हटल्यावर त्या खोलीत सगळ्यांनी आमच्याकडेच बघितलं. माझ्याकडे आणि कॉन्रॅडकडे. जसं काही पोरीच्या हातावर आम्ही दोघंच उठलो होतो.

गाडीत ग्लेन म्हणाला, मम्मी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण घर जरा सेफ होईपर्यंत हिल्डाला नाही आणत मी. सेफ. ज्या घरात तू रांगलास, गोवराने तापलास, विहिरीच्या कठड्यावर चढून बापाचा मार खाल्लास... ते घर सेफ होईपर्यंत. मी म्हटलं, बरं.

शनिवार आले आणि गेले. शनिवारी कॉन्रॅड फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा, म्हणायचा, इथे वारा चांगला लागतो. आमच्याकडे वारा मागच्या बाजूने येतो. व्हिडिओ कॉलवर हिल्डा दिसायची, अर्धीच, कपाळ जास्त, आणि विचारायची, आजी, झालं का घर सेफ? आता ह्या प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार? होतंय म्हणायचे. होतंय हो.

सुरुवात टोनीपासून. टोनीला अर्नाळ्याला दिला, कॉन्रॅडचा मित्र आहे तिथे, सॅमी, त्याचं घर किनाऱ्यालगत, बोटी, वाळू, सुकत घातलेले बोंबील, कुत्र्याला स्वर्गच, अशी आम्ही समजूत घातली, कुत्र्याची नाही, आमचीच. दोन दिवसांत परत. चालत आला, अंगभर वाळू, फाटकाशी उभा राहून शेपूट हलवतोय, जसं काही आम्हीच त्याला तिथे चुकून विसरलो होतो. पुन्हा नेला. पुन्हा आला. मग सॅमीने बांधूनच ठेवला चांगला महिनाभर, त्यानंतर नाही आला. आता मी मासळी आणायला अर्नाळ्याला जाते ना, तो मला बघतो. उठत नाही. बघतो आणि मान वळवतो. माणसांनासुद्धा एवढा सरळ अपमान करणं जमत नाही. पण कुत्रा हिल्डाला चालत नाही, मी म्हटलं, बरं.

मग कोंबड्या. त्या दिल्या नाहीत, त्या खाल्ल्या, रविवारी एक, पुढच्या रविवारी एक, आणि शेवटची केली त्या दिवशी कॉन्रॅड म्हणाला, पोट बरं नाही, मी पेज घेतो. मग गाद्या. कापसाच्या गादीत बारीक किडे असतात म्हणे, डोळ्यांना न दिसणारे, लाखांनी, म्हणजे आम्ही एवढी वर्षं त्यांच्या अंगावर झोपत होतो आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही. गेल्या गाद्या. फोमच्या आल्या, वर चेनचं कव्हर, अॅलर्जी-प्रूफ, कूस बदलली की वेफर्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज. म्हातारपणी झोप आधीच कमी, त्यात एकाने कूस बदलली की दुसऱ्याला वाटतं, हा एकटाच काय खातोय? पडदे गेले. माझ्या आईच्या हातची गोधडी गेली. उदबत्ती आम्ही कधी लावतच नव्हतो, तीही बंद केली. मी म्हटलं, बरं.

मग आलं ते मशीन, हवा शुद्ध करणारं. एवढं उभं, हॉलच्या कोपऱ्यात, चांगल्या हवेला हिरवा दिवा, वाईट हवेला लाल. अहो, निर्मळची हवा, जिच्यासाठी मुंबईचे लोक इकडे बंगले घेतात, ती त्या मशीनला पसंत नाही! मी कांदा परतला की लाल. बोंबील तळले की लाल आणि वर घूंऽऽ करून ओरडायचं, सासूसुद्धा एवढं ओरडत नसे. आणि एकदा मी बघितलं, कॉन्रॅड वाडीतून आला, हातपाय धुऊन, दारातून आत पाऊल टाकलं आणि मशीन लाल. तो तिथेच थांबला. एक पाऊल मागे गेला. जरा वेळाने हिरवं झालं. मला म्हणाला, मी मागच्या दाराने येत जाईन. त्या दिवसापासून हा माणूस स्वतःच्या घरात मागच्या दाराने! मी म्हटलं, बरं... नाही, तेव्हा नाही म्हटलं. तेव्हा मी मशीन उचललं आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. ग्लेनने रविवारी येऊन परत फिरवलं.

मग अंगण. माती उडते आणि मातीत सगळंच असतं. मोगरा काढला, केळी काढल्या, अळू काढलं, खाली कोबा घातला आणि वर पेव्हर ब्लॉक, लाल आणि करडे, एसटी स्टँडवर असतात तसे. चाफ्याच्या बुंध्याभोवती तेवढी गोल गोल माती ठेवली, ताटलीएवढी. ग्लेनची गाडी आत लागायला लागली. म्हणाला, छान दिसतं ना मम्मी? मी म्हटलं, बरं. छान का विचारलं तरी बरंच म्हटलं, तोंडाला सवयच झाली होती.

आणि हे काही आमच्याच घरात नाही, सगळीकडे हेच. हिल्डाच्या वाढदिवसाला बोळिंजला गेलो, सोसायटीची पोरं, पोरांच्या आया, आणि एकेक आई दारातूनच सांगत आत येते. ह्याला दूध चालत नाही. हिला शेंगदाणे चालत नाहीत. ह्याला गहू. हिला अंडं. एकाला तर फुग्यांचं रबर चालत नव्हतं, म्हणून फुगे नव्हते, भिंतीवर फुग्यांची चित्रं लावली होती. केक आला तो असा की त्यात मैदा नाही, दूध नाही, अंडं नाही, दाणा नाही. मग आहे काय? वर हिल्डाचा फोटो होता छापलेला, तेवढाच सगळ्यांना चालत होता. मी एका आईला विचारलं, अगं, एवढ्या पोरांना हे एकदम झालं कसं? ती म्हणाली, आंटी, पूर्वी पण असणार, तुम्हाला कळत नसणार. आणि खोटं नाही तिचं. आमच्या शेजारी फ्रेडरिक म्हणून पोरगा होता, कोळंबी खाल्ली की त्याचं तोंड सुजायचं आणि त्याची आई म्हणायची, नाटकं करतो, अजून दोन खा. तेव्हा पोरं कळत नव्हतं म्हणून सोसायची, आता सगळं कळतं म्हणून... जाऊ दे.

उगाच लांबवतेय मी, कळतंय मला. सांगायला नको वाटतं म्हणून लांबवतेय.

एप्रिलात पुन्हा त्या डॉक्टरकडे जायचं होतं. ग्लेन म्हणाला, पपा, तुम्ही पण चला. कॉन्रॅड इस्त्रीचा शर्ट घालून आला. सगळं ग्लेननेच सांगितलं, मोबाईलवर फोटो दाखवले, मशीन, गाद्या, पेव्हर ब्लॉक, डॉक्टर म्हणाला एक्सलंट. निघायला सगळे उठले आणि कॉन्रॅड बसूनच राहिला. आणि ज्या माणसाने मागच्या बाकावरून मला कधी एक शब्द विचारला नाही, लग्नाचंसुद्धा आईकरवी विचारलं, त्याने तोंड उघडलं.

"डॉक्टर, अंगणात चाफा आहे माझा. सोनचाफा. तो चालेल ना?"

डॉक्टर पुढच्या पेशंटचं नाव टाइप करत होता. त्याने वर बघितलं नाही.

"फुलं शक्यतो नकोतच, काका."

शक्यतो. मी फार विचार केलाय त्या शब्दाचा. काय म्हणायचं होतं त्याला? अहो, त्याला काहीच म्हणायचं नव्हतं, त्याला पुढचा पेशंट घ्यायचा होता! गाडीत तो विषय एका वाक्यात संपला. ग्लेनला वाटलं, पपांनी आपलं असंच विचारलं. मर्सी म्हणाली, चाफ्याचं बघू नंतर. मी खिडकीबाहेर बघत होते. आता तुम्ही म्हणाल, तू का नाही बोललीस? काय बोलणार होते? निळे ओठ एकीकडे आणि चाफा एकीकडे, ह्यात आजीने काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मिस्साला निघाले, कॉन्रॅड म्हणाला, गुडघा दुखतोय, तू जा. मिस्सा सुटली, फादरांशी दोन शब्द बोलले, घराच्या वळणावर आले तर वास. चाफ्याचा वास आम्हाला काय नवीन? पण हा नेहमीचा नव्हता, हा अंगावर येत होता, गोड आणि कडू, ओल्या लाकडाचा वास मिसळलेला. शेजारची मटिल्डा फाटकाशी उभी, तोंडावर हात धरून. आत कटरवाला माणूस आपलं मशीन पुसत होता आणि सगळी रांग आडवी. बहरात होती हो. कळ्या, फुलं, पानं, सगळं फांद्यांसकट त्या पेव्हर ब्लॉकवर. आणि कॉन्रॅड खाली फतकल मारून फुलं खुडत होता, एकेक, देठ न मोडता, टोपलीत ठेवत होता. मी म्हटलं, हे काय केलंस? तर वर न बघता म्हणतो, फुकट कशाला घालवायची, दादरला जातील. मग जरा वेळाने म्हणाला, "पोरगी येईल आता."

या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं, तेव्हा बरं म्हणायचंही राहिलं.

आणि आली पोरगी. मे महिन्यात, सुट्टीला, बॅग घेऊन. फाटकातून आत आली, उभी राहिली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाली, आजी, हे पार्किंग कुणाचं? तरी राहिली. मशीनसमोर बसून टॅबवर शेती करायची. तसा खेळ आहे एक, त्यात शेत असतं, कोंबड्या असतात, बोट लावलं की अंडं देतात, पळून जात नाहीत. आजोबांना शिकवायची, असं नाही आजोबा, इथे टॅप करा. तो करायचा टॅप. पण एक सांगते, त्या सगळ्या सुट्टीत पोरीला एकदाही श्वास लागला नाही. शिंकही नाही. ग्लेनने बापाच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, पपा, बघा, उपयोग झाला. कॉन्रॅड इतका हसला त्या दिवशी... दिलेलं कामी आलं असं वाटलं त्याला. मलाही वाटलं. मी त्या मशीनवरची धूळसुद्धा पुसली.

जून लागला, शाळा सुरू झाली, पोरगी बोळिंजला गेली, आणि आठवड्याभरात पुन्हा घुरघुर, पुन्हा वाफ, पुन्हा हॉस्पिटल. आता? आता काय तोडायचं? टॉवर?

या वेळी मर्सीने दुसरी डॉक्टर शोधली, वसईला, तरुण मुलगी, साधासाच दवाखाना. तिने आधी पोरीलाच विचारलं, तू झोपतेस कुठे? मग मर्सीला म्हणाली, त्या खोलीचा फोटो आहे का? हे कपाट भिंतीला असंच चिकटलेलं असतं? पलीकडे काय आहे, वर काय आहे? घरी गेलात की आधी ते कपाट सरकवून बघा. सरकवलं. ग्लेनने मला फोटो पाठवला, मला आधी वाटलं हा नकाशा कसला... खालपासून वरपर्यंत काळीकुट्ट बुरशी. वरच्या घरातल्या बाथरूमचं पाणी भिंतीत मुरत होतं, देव जाणे कधीपासून, आणि पोरीची उशी त्याच कपाटाला टेकलेली. तोच तो मोल्ड, जो मला साचा वाटला होता! रोज तिथे झोपायची आणि शनिवारी ती छाती घेऊन आमच्याकडे यायची. आणि कुबट वास येतो म्हणून त्या खोलीत सॉकेटला एक यंत्र लावलेलं, थोड्या थोड्या वेळाने फुस्स करणारं. कसला वास? लॅव्हेंडर. लॅव्हेंडर चालतं, कारण ते फूल नाही, ते बाटलीत आहे.

भिंतीचे फोटो घेऊन पुन्हा गेले त्या डॉक्टरणीकडे, या वेळी मीही होते, कॉन्रॅड नव्हता, ती एक देवाची कृपा. बाई छान बोलली, सावकाश, पोरीकडे बघत. भिंत दुरुस्त करून घ्या, श्वासाचा पंप सांगितलाय तसा चालू ठेवा, कुत्र्याला अंथरुणात घेऊ देऊ नका, खेळली की हात धुवायला लावा. मी विचारलं, आणि फुलं? ती म्हणाली, फुलांचं हिच्या टेस्टमध्ये विशेष काही दिसत नाही. मग म्हणाली, हिला घरात कोंडू मात्र नका, मोकळ्यावर खेळू दे, मातीत खेळू दे. आणि हसून विचारलं, "गावाकडे कुणी आहे का तुमचं? वाडीबिडी?"

मर्सीने माझ्याकडे बघितलं. ग्लेनने खाली जमिनीकडे. त्या बिचारीला वाटलं, आपला प्रश्न कळला नाही, म्हणून तिने पुन्हा विचारला.

मी म्हटलं, "होती."

कॉन्रॅडला सांगायला ग्लेन एकटाच आला. गाडी बाहेर रस्त्यावर लावली, आत नाही आणली. अंगणात उभा राहिला, बुटाच्या टोकाने एक ब्लॉक हलवून बघितला, तो हलला नाही, हलेल कसा, खाली कोबा आहे, काम पक्कं केलंय, त्यानेच समोर उभं राहून करून घेतलंय. मग आत येऊन बापाला सगळं सांगितलं, भिंत, कपाट, डॉक्टरीण, फुलांचंही सांगितलं, लपवलं नाही, तेवढं शिकवलंय आम्ही त्याला. कॉन्रॅडने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, म्हणजे आता पोरगी बरी होणार ना? ग्लेन म्हणाला, होणार. मग झालं, म्हणाला. त्यावर ग्लेन रडला हो. एवढा मोठा माणूस, इंजिनिअर, मशीनपाशी उभा राहून रडत होता आणि ते मशीन आपलं हिरवंच्या हिरवं, त्याला त्यातलं काही कळत नाही. म्हणाला, पपा, परत लावू या चाफा, मी कोबा फोडतो. कॉन्रॅड म्हणाला, बघू. मी ओळखते त्या बघूला. ते माझ्या ‘बरं’चंच भावंड आहे.

आणि पोरगी झाली बरी. भिंत झाली, कपाट फेकून दिलं, पाऊस गेला, थंडी आली, हॉस्पिटलचं तोंड बघितलं नाही. त्यासाठी मी रोज आभार मानते, त्यात काही कमी करत नाही.

मग ग्लेनला कुठूनसं कळलं, मनोरच्या पुढे एक जागा आहे, शनिवार-रविवार जायचं, राहायचं, पोरांना माती, गाय, कोंबडी, सगळं अनुभवायला मिळतं. डॉक्टरणीने सांगितलंय ना मातीत खेळू द्या? झालं बुकिंग. म्हणाला, तुम्ही दोघं पण चला, पपांना जरा बरं वाटेल. मी म्हटलं, बरं.

गेलो. मोठी कमान, आत शिरताना हाताला सॅनिटायझर. माती एका हौदात, गाळलेली, तपासलेली, तसा बोर्डच होता तिथे, आणि तरी एक आई विचारत होती, ह्यात काही नाही ना? मातीत काही नाही ना! कोंबड्या जाळीत, पोरांनी रांगेने यायचं, एकदा हात लावायचा, पुढे सरकायचं. मी कोंबड्यांमध्ये जन्म काढलाय, त्या कोंबड्यांचा जीव विटला होता. पण हिल्डा खूश. चिखलाने माखली, गायीला घाबरली, पुन्हा गेली, पुन्हा घाबरली, हसून हसून खाली बसली. शिंकली नाही. मला बघून बरं वाटलं, खरंच वाटलं, ते कशाला नाकारू.

दुपारी झाडं लावायचा कार्यक्रम. आजी-आजोबा आणि नातवंडं, जोडीने. टोपी घातलेली एक मुलगी, गळ्यात शिटी, हातात माइक. प्रत्येक जोडीला एक कुंडी, एक टोमॅटोचं रोप. हिल्डा झारी भरून आणायला नळावर गेली होती. कॉन्रॅड कुंडी घेऊन उभा होता, त्याने त्या मातीत बोट घातलं होतं आणि तसाच थांबला होता. ती मुलगी त्याच्यापाशी आली आणि लहान मुलाशी बोलतात ना, तशी वाकून, माइकमध्ये म्हणाली, "अंकल, फर्स्ट टाइम का? याआधी कधी झाड लावलंय तुम्ही?"

मर्सीने माझा हात धरला. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं, बाई गं, तू कुणाला विचारतेयस म्हणून... पण कॉन्रॅडने मान वळवून एकदा ग्लेनकडे बघितलं. ग्लेन तिथेच होता, हातात पोरीच्या चपला घेऊन, तोंड पडलेलं.

कॉन्रॅड त्या मुलीला म्हणाला, "नाही. दाखवा ना, कसं लावतात."

तिने दाखवलं. खड्डा एवढाच करायचा अंकल, मुळं मोडू द्यायची नाहीत, माती हलक्या हाताने दाबायची, पाणी बेताने. त्याने तस्संच केलं, ती सांगेल तेवढंच, तिच्या पुढे गेला नाही. व्हेरी गुड, म्हणाली, अंकलसाठी एकदा जोरात टाळ्या होऊ देत.

सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.